जिन्याने खाली

सकाळच्या फेरीत मुली दुसऱ्या आल्या होत्या, आणि त्या आनंदात खोलीतलं कुणीच कुणाकडे नीट बघत नव्हतं.

हॉटेलची खोली दोघींपुरती, त्यात पाच माणसं. बाबा खिडकीशी खुर्ची ओढून टॅबलेटवर सकाळच्या उड्या मागे-पुढे करत बसले होते. त्यांच्या धाकट्या बहिणीने, मुलींच्या आत्याने, एका पलंगावर ठाण मांडलं होतं आणि सँडविचमधला कांदा ती निगुतीने वेचून कागदावर काढत होती. ती दातांची डॉक्टर. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावल्यामुळे तिला जेवणात कुठलाच वास चालत नसे. धाकटी गालिच्यावर पाय पसरून पोटरीला बर्फ लावत होती. थोरली दुसऱ्या पलंगावर डोळे मिटून पडली होती.

तलावावरची माणसं त्या दोघींना सुई-दोरा म्हणत. थोरली दहा मीटरवरून पाण्यात शिरली की शिंतोडा उडत नसे, म्हणून ती सुई. धाकटी तिच्या बरोबरीने, तीच कोलांटी, तीच गिरकी घेऊन शिरायची, पण नाव मागून आलं म्हणून ती दोरा. घरात मात्र ताई आणि बारकी. जोडीच्या स्पर्धेत दोघी एकत्र उडायला लागून नऊ वर्षं झाली होती आणि जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्या पहिल्यांदाच पोचल्या होत्या.

"चौथ्या उडीत तू उशिरा उघडलीस," बाबा थोरलीला म्हणाले. "बारकी तुझ्या आधी पाण्यात. असं कधी झालं नव्हतं."

"दुपारी नाही होणार."

"ये, बघ तरी."

"नंतर बघते, बाबा. पडू दे जरा."

आई दोघी पलंगांच्या मधे उभी राहून संत्रं सोलत होती. तिने एक फोड थोरलीपुढे धरली. थोरलीने डोळे उघडले, हात पुढे केला आणि बोटं फोडीच्या अलीकडेच, हवेत मिटली. मग ती हसली, मान एका बाजूला वळवली, पक्षी दाणा बघतो तशी, आणि फोड घेतली.

बाबांचं लक्ष पडद्यावर होतं. धाकटीचं बर्फावर. आईने उरलेलं संत्रं तसंच टेबलावर ठेवलं.

"चल, केस धुवून देते," ती म्हणाली. "क्लोरीनने झाडू झालाय नुसता."

"आता?"

"आताच."

न्हाणीघराचं दार लावून तिने नळ सोडला. "कुठला डोळा?"

थोरली टबच्या काठावर बसली. ती एकोणतीस वर्षांची होती, पण आईने असं समोर उभं राहून विचारलं की अजून तिचे खांदे पुढे यायचे.

"डावा."

दोन वर्षांपूर्वी उजवा झाला होता. डोळ्याच्या आतल्या पडद्याला बारीकशी चीर पडली होती आणि लेझरने ती बुजवली होती. इतक्या उंचीवरून डोकं वर्षानुवर्षं पाण्यावर आपटत राहिलं की असं होऊ शकतं, असं त्या डॉक्टरांनी तेव्हा समजावून सांगितलं होतं. पुढे काय दिसलं तर धावत यायचं, तेही सांगितलं होतं. आईला ते वाक्य न् वाक्य पाठ होतं.

"काय दिसतंय?"

"तिसऱ्या उडीनंतर वीज चमकल्यासारखं झालं. आता खालच्या कोपऱ्यात काळं आहे. पडदा ओढल्यासारखं."

"वाढतंय?"

थोरलीने डावा डोळा चोळायला हात उचलला आणि परत खाली घेतला.

"संघाच्या डॉक्टरांना—"

"ते पाच मिनिटांत माझं नाव काढतील. आई, पाच उड्या राहिल्यात. संध्याकाळी तू नेशील त्या दवाखान्यात येते. तुला माझी शपथ आहे, डॉक्टरांना सांगायचं नाही."

"आणि बाबांना?"

थोरली उठली आणि तिने नळ बंद केला. "बाबांना तर मुळीच नाही," ती म्हणाली, आणि केस कोरडेच ठेवून बाहेर गेली.

*

आत्याला आईने लिफ्टजवळच्या कोपऱ्यात गाठलं. तिथे बूट पुसायचं यंत्र होतं आणि एक प्लॅस्टिकचं झाड.

"मी दातांची डॉक्टर आहे, वहिनी," सगळं ऐकून आत्या म्हणाली. "डोळ्यांचं मला एवढंच कळतं की माणसाला ते दोन मिळतात आणि तिसरा शिल्लक नसतो. तिला आत्ताच्या आत्ता न्यायला हवं."

"ती येणार नाही. खांद्यावर टाकून नेऊ?"

"मग डॉक्टरांना सांगा."

"शपथ घातलीय तिने."

"तुम्ही कधीपासून शपथा मानायला लागलात?"

"तसं नव्हे गं. मी सांगितलं तर ती माझ्याशी जन्मात बोलणार नाही. तुला माहीत आहे ती. बारकी रुसते आणि विसरते. ही रुसतच नाही."

आत्या यंत्राच्या ब्रशांकडे बघत राहिली. तिच्या डाव्या कानाला ऐकू येत नसे, म्हणून बोलणारा माणूस नेहमी तिच्या उजव्या हाताला असावा लागे. घरातल्या सगळ्यांना ती सवय होती. तिचे वडील, आप्पा, तलावावर पोरांना शिकवत. ती सोळा वर्षांची असताना कान वाहत होता, ठणकत होता, तेव्हा आप्पांनी कापसाचा बोळा घालून तिला वर पाठवलं होतं. राज्याचं पदक मिळालं. कान गेला. पदक आप्पांच्या खोलीत होतं, आणि आत्या त्या खोलीत जात नसे.

"दादाला सांगा," ती अखेर म्हणाली. "दादा आप्पांसारखा नाही."

"नाही," आई म्हणाली. "ते आप्पांसारखे नाहीत."

लिफ्ट आली, दार उघडलं, आत कुणी नव्हतं, दार मिटलं. दोघींपैकी एकीनेही 'चल, आत्ताच सांगू' असं म्हटलं नाही, आणि आपण का म्हणत नाही हे दोघींना कळत होतं.

"मी बारकीला सांगते," आई म्हणाली.

"तिला कशाला? ती काय करणार?"

"जोडीची स्पर्धा आहे. एक नसेल तर दुसरीला उडता येत नाही."

आत्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. "वहिनी, ते तिच्या गळ्यात नका घालू."

पण आई चालायला लागली होती.

*

तलावाच्या मागच्या बाजूला सरावाची कोरडी जागा होती. निळ्या गाद्या, छताला टांगलेले पट्टे, भिंतीभर आरसा. धाकटी तिथे एकटीच खांदे मोकळे करत होती. आई आलेली तिला आरशात दिसली. आईला खरं तर आत यायची परवानगी नव्हती. दारावरच्या माणसाला तिने काय सांगितलं कोण जाणे.

आईने थोडक्यात सांगितलं. धाकटी ऐकताना हात फिरवायची थांबली नाही. थांबली असती तर समजलं असतं, आणि समजायला तिला थोडा वेळ हवा होता.

"मग?" तिने विचारलं.

"तू उतर. ती माघार घेणार नाही. तू घेतलीस तर तिला थांबावंच लागेल."

"मी काय सांगून उतरू?"

"पोटात दुखतंय म्हण. भीती वाटली म्हण. होतं असं कुणाचंही."

"माझं नाही होत."

"मला माहीत आहे."

"मग तूच का नाही सांगत डॉक्टरांना?"

"मला शपथ घातलीय तिने."

धाकटीने हात खाली घेतले. "म्हणजे तू वचन मोडायचं नाहीस, आणि मी माझी अंतिम फेरी मोडायची."

आईने पर्सचा पट्टा खांद्यावर नीट ओढला. ती या मुलीशी नेहमी घाईत बोलत आली होती. थोरलीचं सगळं उरकून जो वेळ उरे, तो हिचा. आताही भिंतीवरच्या घड्याळाकडे तिची नजर गेली, आणि गेलेली धाकटीने पाहिली.

"जा तू वर," धाकटी म्हणाली. "तुला इथे बघितलं तर माझ्याच नावाने ओरडतील."

"करशील ना?"

"जा, आई."

*

अंतिम फेरीत त्यांचा नंबर मागून दुसरा होता. गरम पाण्याच्या फवाऱ्याखाली दोघी शेजारी उभ्या राहिल्या, अंग पुसलं, बारके टॉवेल खांद्यावर टाकले आणि जिना चढायला लागल्या. थोरली पुढे, धाकटी मागे. वरच्या पायऱ्यांपाशी थोरलीचा हात कठड्यावरून सुटला आणि तिने तो चाचपून पुन्हा धरला.

"डोळा कसा आहे?" धाकटीने विचारलं.

थोरली एक पायरीभर थांबली. "आईने सांगितलं."

"हो."

"तिला शपथ घातली होती मी."

"डॉक्टरांना सांगायचं नाही अशी घातली होतीस. माझं नाव नव्हतं त्यात."

थोरलीला हसू आलं. "वकील व्हायला हवी होतीस तू."

"ताई, खाली जाऊ या."

"पाणी दिसतंय मला. अजून काय बघायचंय तिथे?"

"ऑपरेशन होईल गं. आत्ता गेलो तर—"

"बारके, पुढच्या खेपेला मी एकतिसाची असेन. पुढची खेप नाहीये. तुला जायचं तर तू जा, मी दोघींचं मिळून एकटी मारते."

असल्या थट्टा त्या लहानपणापासून करत आल्या होत्या. जिन्यात, वर चढताना, भीती विसरायला म्हणून. धाकटी हसली नाही.

त्या वर पोचल्या. दहा मीटरवर हवा वेगळी असते, उबदार आणि जड. खालचा आवाज तिथे पोचतो तो ओल्या कापडातून गाळल्यासारखा. आधीची जोडी पाण्यातून बाहेर आली, गुण लागले, यांची नावं पुकारली गेली. टाळ्या थांबल्या.

पहिली उडी पाठमोरी होती. थोरली टॉवेल खाली टाकून कडेपर्यंत चालत गेली, वळली, टाचा हवेत ठेवून चवड्यांवर उभी राहिली. आता तिची पाठ पाण्याकडे होती आणि तोंड धाकटीकडे. शेजारची जागा मोकळी होती.

"ये," ती म्हणाली.

धाकटी कठड्याला धरून उभी होती. ती जिना चढली तेव्हा तिचं काही ठरलेलं नव्हतं. आईला 'हो' म्हटलं नव्हतं, 'नाही'ही म्हटलं नव्हतं. पहिली उडी सोपी आहे, एवढी होऊ दे, मग बघू, असंही तिच्या मनात येऊन गेलं. मग तिला दिसलं की ताई तिच्याकडे सरळ बघत नाहीये. मान किंचित वळवून बघतेय.

"बारके, ये म्हणते ना. शिट्टी झाली."

"नाही, ताई."

"काय नाही?"

धाकटीने पाठ फिरवली आणि जिन्यावर पाय ठेवला.

तलावावर वाढलेल्या माणसाला दहा मीटरवरून खाली यायचा एकच रस्ता माहीत असतो. जिना वर जाण्यासाठी. त्याने खाली उतरतात ती पहिल्यांदा चढून घाबरलेली पोरं, आणि त्यांनाही कुणीतरी खाली उभं राहून टॉवेलमध्ये घेतं. धाकटी उतरत होती आणि लोकांना काय चाललंय ते कळत नव्हतं. आधी शांतता, मग कुजबुज, मग कुणीतरी दया येऊन टाळ्या वाजवल्या, त्या सगळ्यात वाईट. तिचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. पाण्याचा आवाज येतोय का, ते ती ऐकत होती. ताईने एकटीनेच उडी टाकली तर हे सगळं फुकट होतं.

आवाज आला नाही. ती अर्ध्यावर आली तेव्हा वरच्या पायऱ्यांवर ओल्या तळव्यांचा आवाज सुरू झाला.

*

बाबा तलावाच्या कडेला, खांद्यावर दोघींचे कोरडे झगे टाकून उभे होते. तीस वर्षं ते पहाटे तलावाचं कुलूप उघडत आले होते. हिवाळ्यात आधी किल्ली हातात चोळून गरम करावी लागे. स्वतः ते कधी इथवर पोचले नव्हते.

धाकटी समोर येऊन उभी राहिली.

"काय झालं?"

"जमत नाही, बाबा."

"काय जमत नाही?"

"उडी."

पंचांपैकी एक जण विचारायला आला. बाबांनी त्याला हाताने थांबवलं. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर धाकटीला बरं वाटलं असतं.

"ती नऊ वर्षं तुला ओढत वर घेऊन गेली," ते म्हणाले. "आज तू तिला खाली आणलंस. मला आधी सांगितलं असतंस की तुझ्यात दम नाही, तर मी तिला दुसरी जोडीदार शोधून दिली असती."

प्रेक्षकांच्या जागेतून आई आणि आत्या खाली पोचल्या होत्या. आईने ते वाक्य पुरतं ऐकलं. धाकटीने तिच्याकडे पाहिलं, नुसतं पाहिलं, मागितलं काही नाही. आई खाली वाकली आणि जमिनीवर पडलेला टॉवेल उचलून त्याची घडी घालायला लागली.

थोरली जिन्यावरून उतरून आली ती कुणाशी न बोलता बाकावर जाऊन बसली. तिने डावा डोळा तळहाताने झाकला.

"दादा," आत्या म्हणाली, "गाडी मागव. मुलीला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचंय."

"हिला?" बाबांनी धाकटीकडे बोट केलं.

"थोरलीला."

बाबा थोरलीकडे बघत राहिले, तिच्या डोळ्यावरच्या हाताकडे. मग बायकोकडे. मग त्यांनी आपल्याजवळचा एक झगा थोरलीच्या खांद्यांवर घातला. दुसरा त्यांच्या खांद्यावरच राहिला. धाकटी तशीच ओल्या पोशाखात उभी होती.

*

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि फार बोलत नव्हत्या. "पडदा वरच्या बाजूने सुटत आलाय," त्या म्हणाल्या. "मध्यापर्यंत पोचलेला नाही, म्हणून नजर वाचेल असं वाटतं. लगेच घेऊ आत. वेळेत थांबलात."

थोरलीला चाकांच्या खाटेवर झोपवलं होतं. बाबा तिच्या बाजूने चालत होते. ऑपरेशनच्या दारापाशी खाट थांबली.

"मला का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं. "आईला माहीत. आत्याला माहीत. बारकीला माहीत. मला एकट्याला नाही."

"तुम्ही थांबवलं असतं तर मला राग आला असता," थोरली म्हणाली. "आणि थांबवलं नसतं, तर ते मला कायमचं कळलं असतं. ते मला नको होतं, बाबा."

खाट आत गेली. दार दोन्ही बाजूंनी हलून हलून स्थिर झालं.

बाबा बाकावर येऊन बसले. आई जिन्याजवळ फोनवर कुणाला तरी पत्ता सांगत होती. धाकटी पाण्याच्या यंत्रापाशी पाठ करून उभी होती, अंगात आत्याचा स्वेटर. बाबांच्या शेजारी फक्त आत्या होती. बराच वेळ ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोरच्या भिंतीवरची डोळ्याची आकृती बघत राहिले. चिरलेल्या कांद्यासारखी दिसत होती ती.

"मी थांबवलं असतं," ते हळूच म्हणाले.

ते आत्याच्या डाव्या बाजूला बसले होते. आत्याने मान वळवून उजवा कान त्यांच्याकडे केला. "काय म्हणालास?"

बाबांनी तोंड उघडलं. एकदा म्हटलेलं पुन्हा म्हणायचं, एवढंच होतं. आत्या वाट बघत होती, तोंड किंचित उघडं ठेवून, नीट ऐकू न येणारी माणसं बघतात तशी.

"काही नाही," बाबा म्हणाले.

*

ऑपरेशन चांगलं झालं. डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला होता. तो पडद्याला जागेवर दाबून धरणार होता. तो विरेपर्यंत, म्हणजे तीनेक आठवडे, विमानात बसायचं नाही, आणि पहिला आठवडा जवळजवळ सगळा वेळ तोंड खाली ठेवायचं. दवाखान्यामागच्या गल्लीत एका धोब्याच्या दुकानावरची खोली भाड्याने मिळाली. थोरलीबरोबर कोण राहणार, यावर फार चर्चा झाली नाही. बाबांना संघाबरोबर परतायचं होतं, तलावावरची पोरं खोळंबली होती. आत्याचे रोगी ताटकळले होते. आई राहते म्हणाली, पण थोरली उशीत तोंड खुपसूनच म्हणाली, "आई नको." म्हणून बारकी राहिली. तिला कुणी विचारलं असं नाही, तसंच ठरलं.

निघताना बाबा गाडीत सामान ठेवून दाराशी आले. "औषधाच्या वेळा सांभाळ," ते धाकटीला म्हणाले.

"हो."

"काही लागलं तर फोन कर."

"हो."

ते आणखी काही म्हणतील म्हणून ती थांबली. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवल्यासारखं केलं, पण हात केसांना लागला नाही.

विमानतळाच्या वाटेवर आत्या पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती. मोठे पूल गेले, गोदामं गेली. मागच्या सीटवर दोघांच्या मधे थोरलीची खेळाची बॅग होती.

"मी सांगितलं होतं बारकीला," आई म्हणाली. "उतर म्हणून. सरावाच्या खोलीत जाऊन सांगितलं."

बाबा खिडकीबाहेर बघत होते. "मग तिने मनाने नाही केलं ते."

"ती हो म्हणाली नव्हती. जा म्हणाली मला. मी वर बसून बघत होते, मलाही माहीत नव्हतं ती काय करणार."

"म्हणजे तिनेच ठरवलं."

"हो."

बराच वेळ गाडी सिग्नलला थांबून होती.

"मी तिला काय बोललो ते तू ऐकलंस."

"ऐकलं."

"आणि गप्प बसलीस."

"हो," आई म्हणाली. तिला सांगायचं होतं की त्या क्षणी थोरली जिना उतरत होती, आपण बारकीला सांगितलं हे तिला कळलं असतं, म्हणून. पण ते कारण तिचं तिलाच इतकं जुनं वाटलं की ती थांबली. आयुष्यभर तेच एक कारण होतं.

बाबांनी फोन काढला, धाकटीचं नाव शोधलं, कानाला लावला. पलीकडे वाजायच्या आत बंद केला.

"पोचल्यावर करतो," ते म्हणाले.

पुढून आत्या ड्रायव्हरला विचारत होती, अजून किती वेळ लागेल.

*

खोलीत पलंगाशेजारी एक भाड्याची खुर्ची होती, पुढे चेहरा टेकवायला मऊ कडं असलेली. थोरली तिच्यावर ओणवी होऊन दिवस काढत होती. तिला फक्त जमीन दिसायची, आणि तीही एका डोळ्याने. खाली धोब्याची इस्त्री चालली की फरशी कोमट व्हायची.

दोन दिवस ती धाकटीशी बोलली नव्हती. औषध घालताना मान द्यायची, सूप दिलं की प्यायची. धाकटीने आधी हवापाण्याचं काही काही बोलून पाहिलं, मग तिनेही सोडलं. तिला सवय होती असं नाही, पण दुसरं काही सुचत नव्हतं. खिडकीशी बसून ती खालची माणसं बघायची. कपडे टाकायला येणारी, न्यायला येणारी. तिला इथे कुणी ओळखत नव्हतं. कुणाचा फोन आला नव्हता.

दुपारी थेंब घालायची वेळ झाली. धाकटीने बाटली हलवली.

"खाली ये," थोरली म्हणाली.

"काय?"

"तुझे पाय बघून कंटाळा आलाय. खाली ये."

धाकटी खुर्चीच्या पुढे फरशीवर उताणी झोपली. आता त्यांचे चेहरे समोरासमोर आले, एक वर, एक खाली. थोरलीचा चेहरा रक्त उतरून सुजला होता. डोळ्यावर पांढरी पट्टी.

"मला तुला एक सांगायचंय, आणि तू मधे बोलायचं नाहीस," थोरली म्हणाली.

धाकटीने बाटली फरशीवर ठेवली.

"तू पाठ फिरवलीस ना, वर, तेव्हा मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मला कठडा धरावा लागला. मला नकोच होती ती उडी. सकाळपासून नको होती. पण ते मला म्हणता येत नव्हतं, आणि तू मला बघून ओळखलंस, म्हणून मला तुझा राग आलाय."

"तुला बरं वाटलेलं मी नाही पाहिलं," धाकटी म्हणाली. "मी खाली बघून उतरत होते."

"बोलू नको म्हटलं ना."

खाली इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज झाला.

"बाबा म्हणतील तुला काही काही. बोलले असतील. मी त्यांना सांगणार नाहीये हे. आईलाही नाही. लोक म्हणतील बारकी घाबरली. तसंच राहील ते. मला त्याचं वाईट वाटतंय, पण मी सांगणार नाही. माझ्याने नाही व्हायचं."

धाकटीच्या डोळ्यांतून पाणी निघालं ते कानांत गेलं. ती पुसायला हलली नाही.

"बरं," ती म्हणाली.

"अजून तीन आठवडे आहेत. तू माझ्याशी बोलू नकोस. मला ऐकवत नाही तुझा आवाज." थोरली थांबली. कड्यात टेकलेला तिचा चेहरा आणखी लाल झाला होता. "पण जाऊ नकोस."

धाकटीने मान हलवली. मग थोरलीला ती नीट दिसली असेल का, हे न कळून तिने हात वर केला आणि तिच्या गालाला लावला. थोरलीने गाल मागे घेतला नाही. टेकवलाही नाही.

थोड्या वेळाने धोब्याची बायको इस्त्रीचे टॉवेल घेऊन वर आली. दार उघडंच होतं. एक मुलगी खुर्चीत ओणवी, दुसरी तिच्याखाली फरशीवर. तिने टॉवेल दाराशीच ठेवले आणि ती पाय न वाजवता परत गेली.